जुलाब पोटाला, गोळी चढली डोक्यात : पोटातल्या जंतूंचा यात हात किती?

सांजवेळ | १८ मे, रात्री १०.५२

बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज लिहितेय, कारण गेल्या पंधरा दिवसांत घरात जे झालं त्यावरून आमच्याकडे सरळ दोन तट पडलेत.

धाकटा भाऊ, वय ३४, बायपोलर आहे, म्हणजे कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाचं नैराश्य. सहा वर्षं लिथियमवर अगदी व्यवस्थित. नोकरी, लग्न, सगळं मार्गी. एप्रिलअखेर आम्ही सगळे गुहागरला गेलो होतो. परतताना त्याला जुलाब सुरू झाले, मग उलट्या. वाटेतल्या एका डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि अंग मोडून आलं होतं म्हणून आयबुप्रोफेन. लिथियम चालू आहे हे आम्ही सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की कप बशीवर वाजायचा. चौथ्या दिवशी जीभ जड, चालताना भिंतीचा आधार. आई म्हणाली, अशक्तपणा आहे, मऊ भात खाऊ दे. पाचव्या दिवशी वहिनीने त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाले, गोळी बंद करा आणि आत्ताच्या आत्ता रक्त तपासायला न्या. लिथियमची पातळी १.९ निघाली. एरवी त्याची ०.७-०.८ असते. दवाखान्यात ठेवलं, सलाइन लागलं. आता बरा आहे.

मुद्दा पुढे आहे. मामाचं म्हणणं असं, की पोटातले चांगले जंतू रोज थोडी गोळी खाऊन टाकायचे, अँटिबायोटिकने ते मेले, म्हणून सगळी गोळी रक्तात चढली. त्याने एक व्हिडिओही पाठवलाय. त्यात शेवटी कसलीतरी पावडर विकायला आहे. वहिनी म्हणते, हे थोतांड. मी मधल्या मध्ये. पोटातल्या बॅक्टेरियांचा डोक्याच्या गोळ्यांवर खरंच परिणाम होतो का? जाणकारांनी सांगावं. पावडरवाल्यांनी कृपया लांब राहावं.


तिरकस | १८ मे, रात्री ११.०३

पावडरीचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्या साहेबांना पाठवायची आहे.


खडूस_केमिस्ट | १८ मे, रात्री ११.४१

मेडिकलच्या काउंटरमागे ३१ वर्षं काढली आहेत, त्या जोरावर लिहितो.

मामा या प्रकरणात साफ चुकले. लिथियम हे मूलद्रव्य आहे, मिठातल्या सोडियमचं चुलत भावंड म्हणा. ते यकृत मोडत नाही आणि जंतूही मोडत नाहीत. जसं पोटात जातं तसंच लघवीवाटे बाहेर पडतं. सगळा हिशेब मूत्रपिंडाचा. जुलाबात पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंड घाबरून उरलेलं मीठ धरून ठेवतं, आणि त्याला सोडियम कुठलं नि लिथियम कुठलं हे नीट ओळखता येत नाही. दोन्ही आत ठेवतं. वर आयबुप्रोफेन. ही वेदनाशामकं मूत्रपिंडातून लिथियम बाहेर जाण्याचा वेग कमी करतात. डायक्लोफेनॅकचंही तेच. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तेच, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, आणि लघवी वाढवणाऱ्या थायझाइड जातीच्या.

म्हणजे घोळ पोटातूनच सुरू झाला, पण जंतूंनी गोळी खायची सोडली म्हणून नव्हे.

आणि जाता जाता : लिथियम वाढल्याचं एक लक्षण जुलाब हेच आहे. त्यामुळे आधी काय झालं आणि नंतर काय, हे घरच्यांना कळत नाही. पातळी वाढते, जुलाब वाढतात, जुलाबाने पातळी आणखी वाढते.


सांजवेळ | १९ मे, सकाळी ७.२०

खडूसकाका, हे इतकं सोपं करून तिथे कोणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद. म्हणजे वहिनी जिंकली?


पेशीपुराण | १९ मे, दुपारी १.१५

वहिनींना अर्धेच गुण द्या. मामांचं उत्तर चुकलं, प्रश्न चुकलेला नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्रातला, सध्या जर्मनीत. रुग्ण बघत नाही, बशीतले जंतू बघतो, हे लक्षात ठेवून वाचा.

लिथियमऐवजी दुसरी एखादी गोळी असती तर चित्र वेगळं असू शकलं असतं. आतड्यातले बॅक्टेरिया औषधं मोडतात ही गोष्ट जुनी आहे. आतड्याच्या सुजेवरची सल्फासलाझिन ही गोळी मुळात मोठ्या आतड्यातल्या जंतूंनी तोडल्यावरच कामाला लागते. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध काही जणांच्या आतड्यातला एगर्थेला लेंटा नावाचा बॅक्टेरिया निकामी करतो, हे १९८०च्या दशकापासून माहीत आहे. नवीन काय, तर हे किती सर्रास होतं याचा अंदाज. येल विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ मध्ये २७१ औषधं घेतली, ७६ प्रकारच्या आतड्यातल्या बॅक्टेरियांबरोबर ठेवली. सुमारे दोन तृतीयांश औषधांत कुठल्या ना कुठल्या बॅक्टेरियाने काहीतरी मोडतोड केली.

मला त्याहून मजेशीर वाटतं ते उलट्या दिशेचं काम. हायडेलबर्गच्या युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरीत २०१८ मध्ये हजाराहून अधिक औषधं ४० बॅक्टेरियांवर लावून पाहिली. माणसाच्या पेशींसाठी बनवलेली, म्हणजे अँटिबायोटिक नसलेली जी औषधं होती, त्यांतल्या २४ टक्क्यांनी निदान एका तरी बॅक्टेरियाची वाढ रोखली. आणि त्यात ठळकपणे उठून दिसला गट अँटिसायकॉटिक्सचा, स्किझोफ्रेनियावरच्या गोळ्यांचा. रासायनिक रचना एकमेकींपासून वेगळ्या असूनही या गोळ्या साधारण त्याच त्या बॅक्टेरियांना दाबत होत्या. या गटात किरण रावसाहेब पाटील होते. नाव वाचल्यावर छाती दोन इंच फुगली होती, खोटं कशाला बोलू.

त्याच पाटलांचं २०२१ चं काम थेट तुमच्या प्रश्नाचं आहे. ड्युलोक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध, मज्जातंतूंच्या दुखण्यावरही देतात. काही बॅक्टेरिया ते मोडत नाहीत, नुसतं पेशीत भरून ठेवतात. साठेबाजी! बाहेरच्या द्रवात औषध कमी होतं, पण मोडल्याचा पुरावा सापडत नाही, कारण मोडलेलंच नसतं. वर गंमत अशी की पोटात माल भरल्यावर त्या बॅक्टेरियाचा स्वतःचा कारभार बदलतो, तो बाहेर वेगळे पदार्थ टाकायला लागतो, त्यावर शेजारचे जंतू पोसतात, आणि सगळ्या वस्तीचं प्रमाण बदलतं. मग त्यांनी एक मिलिमीटरचा सूत्रकृमी घेतला. औषध साठवणारे बॅक्टेरिया सोबत असले की ड्युलोक्सेटिनने त्या कृमीच्या हालचालीत होणारा बदल वेगळा दिसला.

कृमी. माणूस नव्हे. हे मी दोनदा लिहितोय कारण व्हिडिओवाले हे एकदाही सांगत नाहीत.


तिरकस | १९ मे, दुपारी १.३१

साठेबाज जंतूंवर जीवनावश्यक वस्तू कायदा लावावा.


बाबांची_लेक | १९ मे, दुपारी ३.०८

मानसिक आजार नाही, पण मेंदूचंच आहे म्हणून लिहिते. बाबांना पार्किन्सन, लेव्होडोपा चालू आहे. पहिली दोन वर्षं गोळीचं टायमिंग घड्याळासारखं. नंतर कधी अर्ध्या तासात हात मोकळा, कधी दीड तास नुसतं बसून. प्रोटीनबरोबर गोळी नीट लागू पडत नाही हे कळल्यावर डाळ, पनीर रात्रीवर ढकललं, त्याने बराच फरक पडला. पण सगळा नाही. यातही जंतूंचा संबंध असतो असं ऐकलंय. पेशीपुराण, सांगाल का?


पेशीपुराण | १९ मे, सायंकाळी ६.५५

ताई, अख्ख्या विषयातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण तुम्ही विचारलंत.

लेव्होडोपा मेंदूत पोचून तिथे डोपामिन व्हायला हवं. आधीच झालं तर उपयोग नाही, कारण डोपामिनला रक्तातून मेंदूत शिरता येत नाही. म्हणून गोळीत कार्बिडोपा घालतात, ते आपल्या शरीरातलं डोपामिन बनवणारं एन्झाइम वाटेत रोखतं. पण आतड्यातल्या एंटेरोकॉकस फीकॅलिस या बॅक्टेरियाकडे त्याच कामाचं स्वतःचं एन्झाइम आहे, आणि ते कार्बिडोपाला फारशी दाद देत नाही. हार्वर्डच्या एमिली बाल्स्कस आणि कॅलिफोर्नियातले पीटर टर्नबॉ यांच्या गटांनी २०१९ मध्ये पूर्ण साखळी दाखवली : एंटेरोकॉकस लेव्होडोपाचं डोपामिन करतो आणि पुढे आपला तोच एगर्थेला लेंटा त्या डोपामिनचं टायरामिन जातीचं रसायन करतो. एक हमाल, दुसरा हमाल. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटालाही त्याच वर्षी पहिला टप्पा सापडला. जंतूचं एन्झाइम रोखणारं वेगळं रसायन उंदरांना दिल्यावर त्यांच्या रक्तातली लेव्होडोपा वाढली.

ते रसायन गोळी म्हणून बाजारात नाही. तेव्हा बाबांसाठी आजच्या घडीला तुमचं डाळ रात्रीवर ढकलणंच जास्त कामाचं.


निरामय७१ | १९ मे, रात्री ९.२२

एवढं विज्ञान सांगून झालं, पण आपल्याकडे हे शेकडो वर्षांपासून माहीत आहे. कोठा साफ तर माणूस साफ. सेरोटोनिन, ज्याला आनंदाचं रसायन म्हणतात, ते ९० टक्के आतड्यात बनतं, मेंदूत नाही. मग नैराश्याचा उपचार आतड्यात करायला नको का? माझ्या मामेबहिणीने रोज सकाळी ताक, नाचणीची आंबील आणि रात्री आठच्या आत जेवण सुरू केलं. सहा महिन्यांत गोळ्या बंद. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.


नितळ | १९ मे, रात्री १०.१०

बंद केल्या की डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केल्या? दोन्हींत फरक आहे. मी एकदा एस्सिटॅलोप्रॅम ही नैराश्याची गोळी आपल्या मनाने एकदम सोडली होती. मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. आठवडा तसा काढला.


निरामय७१ | १९ मे, रात्री १०.२६

डॉक्टरांनीच कमी केल्या. पण ताकामुळेच शक्य झालं.


मनाचिये_गुंती | २० मे, सकाळी ६.४०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. ओपीडीआधी तासभर मिळालाय, म्हणून जरा लांब लिहितो.

निरामय, ताकाला माझा विरोध नाही, मीही रोज पितो. सेरोटोनिनचा आकडाही बरोबर. पण आतड्यात बनलेलं सेरोटोनिन मेंदूत जात नाही, वर डोपामिनबद्दल लिहिलंय तोच अडसर. आतड्यातलं सेरोटोनिन मुख्यतः आतडं हलवायचं काम करतं. म्हणून तर नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे मळमळ होते, पोट ढिलं होतं. हे रुग्णाला आधी सांगितलं तर निम्मे जण गोळी सोडत नाहीत, हा माझा ओपीडीतला अनुभव.

प्रोबायोटिकबद्दल : लंडनमध्ये किंग्ज कॉलेजच्या लोकांनी ४९ रुग्णांवर छोटी चाचणी केली, २०२३ मध्ये छापून आली. नैराश्याची गोळी चालू आहे पण पूर्ण गुण नाही असे रुग्ण. अर्ध्यांना १४ प्रकारच्या बॅक्टेरियांचं मिश्रण, अर्ध्यांना नकली गोळी, आठ आठवडे. मिश्रणवाल्यांत नैराश्य आणि चिंता जास्त उतरली. उत्साहवर्धक आहे. पण त्या ४९ जणांपैकी कोणाचीही गोळी बंद केलेली नव्हती. गोळीच्या जोडीला दिलं होतं, गोळीच्या जागी नाही. आणि ते ठरावीक वाण होते, घरच्या विरजणात कोण कोण राहतं ते विरजणालाच ठाऊक.

आता अँटिबायोटिकबद्दल, कारण धाग्याची सुरुवात तिथून आहे. मनोविकाराची गोळी आणि अँटिबायोटिक एकत्र आल्यावर गडबड होते हे खरं. पण मी जी गडबड बघतो ती बहुतेक वेळा आतड्यातल्या जंतूंची नसते, यकृताची असते. सिप्रोफ्लोक्सासिन हे अँटिबायोटिक घेतलं की क्लोझापिन ही स्किझोफ्रेनियावरची गोळी मोडणारं यकृताचं एन्झाइम अडतं आणि क्लोझापिन चढतं. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने कार्बामाझेपिन हे फिट्सवरचं औषध चढतं. क्षयाचं रिफाम्पिसिन उलटं करतं, बऱ्याच गोळ्या यकृतात झपाट्याने मोडायला लावतं. रुग्ण म्हणतो, गोळी लागू पडेना.

मेरोपेनेमची गोष्ट वेगळीच. आयसीयूत हे अँटिबायोटिक इंजेक्शन लावलं की व्हॅल्प्रोएट या फिट्स आणि बायपोलरवरच्या औषधाची पातळी एक-दोन दिवसांत धाडकन कोसळते. मुख्य संशय यकृतावरच. शरीर व्हॅल्प्रोएटला बाहेर टाकण्यासाठी एक साखरेचा तुकडा जोडतं, तो काढून औषध परत मोकळं करणारं एन्झाइम मेरोपेनेम बंद पाडतं. पण तोच साखरेचा तुकडा आतड्यातले बॅक्टेरियाही काढू शकतात, त्यामुळे त्यांच्याकडेही बोट दाखवलं जातं. म्हणजे मामांच्या सिद्धांताला जवळात जवळ जाणारं उदाहरण हे. फक्त तिथे औषध चढत नाही, उतरतं.


खडूस_केमिस्ट | २० मे, सकाळी ८.१५

डॉक्टर, अँटिबायोटिकमधलं लिनेझोलिड राहिलं.


मनाचिये_गुंती | २० मे, दुपारी २.५०

बरोबर पकडलंत. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयात आपल्याकडे लिनेझोलिड महिनोन्‌महिने देतात. ते अँटिबायोटिक आहेच, पण सेरोटोनिन मोडणारं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइमही थोडं अडवतं. नैराश्याची गोळी सोबत असली तर सेरोटोनिन बेसुमार वाढू शकतं : ताप, घाम, थरथर, गोंधळ. क्षयाच्या डॉक्टरांना मनाच्या गोळ्या सांगाव्यात आणि मला क्षयाच्या. दोघांनाही वाटतं, दुसऱ्याला माहीत असेल.

योगायोग बघा, जगातलं सुरुवातीचं नैराश्यावरचं औषध क्षयाच्या वॉर्डातच सापडलं. १९५२, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरचं सी व्ह्यू हॉस्पिटल. इप्रोनियाझिड दिलेले रुग्ण भलतेच उत्साही झाले, भूक वाढली, हिंडू-फिरू लागले. पुढे ते नैराश्यासाठी वापरलं गेलं आणि यकृताला घातक म्हणून मागे पडलं. त्याचं काम? तेच एन्झाइम अडवणं.


पेशीपुराण | २० मे, दुपारी ३.२०

अवांतर : अँटिसायकॉटिक्समधली क्लोरप्रोमाझिनची शाखाही रंगाच्या कारखान्यातून आलीय. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या सांगाड्यातून. पॉल एर्लिखने १८९१ मध्ये तो रंग हिवतापावर दिला होता. ज्या सांगाड्याचं पहिलं औषध जंतूंसाठी होतं, त्याच्या वंशजांनी आतड्यातले जंतू दाबले तर आश्चर्य कसलं!


नितळ | २० मे, रात्री ९.३७

माझा प्रश्न स्वार्थी आहे. ओलांझापिन या अँटिसायकॉटिक गोळीवर वर्षात १४ किलो वाढले. मंगळसूत्र सोडून अंगावरचं काहीही बसेना. डॉक्टर म्हणतात, भूक वाढते. पण मी खरंच मोजून खात होते. यात जंतू आहेत का?


पेशीपुराण | २० मे, रात्री १०.१५

प्राण्यांत तरी आहेत. आयर्लंडमध्ये कॉर्कच्या गटाने उंदरांना ओलांझापिनबरोबर अँटिबायोटिक्स देऊन आतडं जवळजवळ ओसाड केलं, तर वजन आणि चरबीवरचे परिणाम कमी झाले. जन्मापासून जंतूच नसलेल्या उंदरांतही या औषधाने वजन वाढवायला जंतू लागतात असं दिसलं. म्हणून वजन उतरवायला अँटिबायोटिक घ्यायचं का, तर अजिबात नाही, त्यापेक्षा १४ किलो परवडले.


मनाचिये_गुंती | २० मे, रात्री १०.४०

नितळ, तुम्ही मोजून खात होतात यावर माझा विश्वास आहे. डॉक्टरांना मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीबद्दल किंवा कमी वजन वाढवणाऱ्या दुसऱ्या गोळीबद्दल विचारा. विचारल्याने डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तर डॉक्टरही बदलता येतो.

कोणी क्लोझापिनवर असेल तर त्यांना कोठ्याबद्दल मात्र रोज विचारा. इथे निरामय यांचं वाक्य मी शब्दशः घेतो. क्लोझापिनने आतड्याची हालचाल इतकी मंदावते की साध्या वाटणाऱ्या बद्धकोष्ठाने जीवही गेलेले आहेत. तीन दिवस पोट साफ झालं नाही तर एरंडेल, इसबगोल करत बसू नका, फोन करा.


निरामय७१ | २१ मे, सकाळी ५.५५

चला, एक तरी वाक्य घेतलंत.


बाबांची_लेक | २१ मे, सकाळी ११.३०

आपल्या लोकांच्या आतड्यावर काही काम झालंय का? हे सगळं युरोप-अमेरिकेचं.


पेशीपुराण | २१ मे, दुपारी ४.०२

झालंय. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे. योगेश शौचे यांनी तिथे भारतीयांच्या आतड्यातल्या जंतूंवर बरीच वर्षं काम केलं. भात-भाकरी-डाळ खाणाऱ्यांच्या आतड्यात प्रिव्होटेला नावाच्या बॅक्टेरियाचं राज्य पाश्चात्त्यांपेक्षा जास्त दिसतं. वस्ती वेगळी म्हणजे औषधाशी त्यांचं वागणंही वेगळं असू शकतं, म्हणून हायडेलबर्गच्या बशीतला निकाल मिरजेच्या पोटाला जसाच्या तसा लावू नये.


सांजवेळ | २४ मे, रात्री ९.१०

उशिरा आले, माफी. भावाची लिथियमची पातळी काल ०.७ आली. गोळी पुन्हा सुरू झालीय, आधीपेक्षा कमी डोसने. रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी द्यायचं असतं हेही या वेळी कळलं. सहा वर्षं तो कधी सकाळची गोळी घेऊन जायचा, कधी न घेता.

धागा मामाला वाचून दाखवला. "साठेबाजी" वर तो खूश झाला, म्हणाला मी हेच म्हणत होतो. वाद घालायचा सोडून दिलाय. पावडर मात्र मागवली नाही.

आता नवीनच. पुढच्या महिन्यात पालखी. भाऊ दरवर्षी पुणे ते सासवड चालतो, दिवेघाट चढून. यंदाही जायचंच म्हणतो, आणि त्यातून एकादशीचा उपवास. खडूसकाका, डॉक्टर, काय करू? त्याला थांबव म्हणू नका, तो ऐकणार नाही.


खडूस_केमिस्ट | २४ मे, रात्री ९.४८

चालू दे. पण उन्हात घाम म्हणजे पाणी आणि मीठ, पुन्हा तोच हिशेब. खिशात ओआरएसच्या पुड्या असू द्या. अख्खी पुडी एक लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत घट्ट कालवून प्यायची नाही. वाटेत गुडघा दुखला तर पॅरासिटामॉल. दिंडीत दर दहा पावलांवर कोणीतरी प्रेमाने डायक्लोफेनॅक देतं, ते नको. आणि कागदावर "लिथियम चालू आहे" एवढं लिहून गळ्यातल्या पिशवीत टाका.


मनाचिये_गुंती | २५ मे, सकाळी ६.३०

उपवास निर्जळी नको, मीठही एकदम सोडायचं नाही. निघायच्या आठवड्यात लिथियमची पातळी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) करून त्याच्या डॉक्टरांना दाखवा. डोस आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. आणि थरथर किंवा जुलाब सुरू झाले तर सासवडची वाट बघायची नाही, जिथे असेल तिथून फोन.


सांजवेळ | २५ मे, सकाळी ७.०५

भाऊ शेजारी बसून वाचतोय. विचारतोय, घाटाखाली वारकऱ्यांना ताक वाटतात ते चालेल का?


निरामय७१ | २५ मे, सकाळी ७.०९

धावेल. चिमूटभर मीठ घालून!